वाटसरूचं ताट

१० एप्रिल

आलो एकदाच्या दोघी! हामाओसेच्या स्टेशनावर पाऊल ठेवलं न ठेवलं तोच वाऱ्याने माझी टोपी उडवून रुळांपलीकडे नेली. ती पकडायला पंचाहत्तरीचे एक गृहस्थ कुंपणावरून ढांग टाकून धावले. हेच मोरिवाकी-सान, अमाजिमा वाचक मंडळाचे अध्यक्ष. नगरपालिकेच्या मागे हात धुऊन लागून त्यांनीच मला ही नोकरी मिळवून दिली. जन्मभर मासळीबाजारात लिलाव पुकारले, त्यामुळे आवाज अजून तसाच. शेजारी बसून बोलले तरी पार धक्क्यावरच्या माणसाला ऐकू जावं!

अमाजिमा रोआन यांची एकही भयकथा मी वाचलेली नाही हे कळल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवलीच. मला वाटलं, आता परत पाठवतात. पण थोडा वेळ समुद्राकडे बघून म्हणाले, काही हरकत नाही, पाटी कोरी आहे ते बरं, निदान विद्यापीठवाल्यांनी गिरवून खराब केलेली तरी नाही.

घर मोठं गोड आहे. पुढच्या तीन खोल्या म्हणजे लेखकाचं स्मारक. त्यांचं टेबल, चष्मा, शाईची दौत, भिंतीवर फोटो. रोज दारं उघडायची, धूळ झटकायची, कोणी आलंच तर तिकीट फाडायचं. मागच्या दोन खोल्या माझ्या, आणि स्वयंपाकघर त्यांच्याच वेळचं. जुनी चूल तशीच ठेवलीय, तिच्या शेजारी गॅस. खिडकी उघडली की समोर समुद्र. मोरिवाकी-सान जाताना दोन मोठे बांगडे देऊन गेले. मीठ लावून भाजले. किती दिवसांनी चवीने जेवले!

कोतोला खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं, समुद्र दिसेल असं. डब्यावरचं पांढरं रेशमी कापड प्रवासात चुरगळलं होतं, ते इस्त्री करून पुन्हा बांधलं. सात वर्षांची होती माझी पोर. नोव्हेंबरात तापाने गेली. लोक अस्थी एकोणपन्नासाव्या दिवशी थडग्यात ठेवतात, मी ठेवल्या नाहीत. नवऱ्याचं, रियोहेईचं, आणि माझं बिनसलं ते त्यावरूनच. तो म्हणतो, तिला जाऊ दे. कुठे जाऊ दे? अंधाराची भीती वाटते तिला.

१७ एप्रिल

आठवडाभरात चार माणसं आली, त्यातली दोघं संडास कुठे आहे विचारायला.

औषधाच्या दुकानवाल्या नुकादा-बाई आल्या होत्या. मंडळाच्या चिटणीस. वाळक्या, ताठ, आणि जीभ म्हणजे कात्री. अमाजिमांच्या सगळ्या कथांचा गठ्ठा माझ्यापुढे आदळला आणि महिनाअखेरच्या बैठकीआधी वाचून काढायला सांगितलं. मी म्हटलं, मला भुताच्या गोष्टींची भीती वाटते. त्यावर म्हणाल्या की कथांची भीती वाटते ते ठीकच आहे, खरी भीती त्यांच्यावरचे प्रबंध वाचताना वाटते.

वाचायला घेतल्यात. भीती नाही वाटत, रडू येतं. त्यांच्या कथांतली भुतं कुणाला मारत नाहीत. नुसती दारात उभी राहतात, कुणी या म्हणेल म्हणून.

२५ एप्रिल

आज बैठक झाली. अजून हसू येतंय.

मंडळ म्हणजे सात-आठ डोकी. पण विद्यापीठाच्या सहामाही पत्रिकेत अमाजिमांवर काही छापून आलं की ही मंडळी असा काथ्याकूट करतात की खटला चाललाय असं वाटावं. नुकादा-बाई आधी तळटीपा वाचतात, मग लेख. तळटीप लंगडी असेल तर लेख वाचतच नाहीत. मोरिवाकी-सानांचा राग वेगळाच. ते घरी पानं टाचून मंडळाचं मासिक काढतात. त्या मासिकाचा उल्लेख यंदा एका तळटिपेत आलाय, पण अंक चुकीचा दिलाय. घोर अपमान झाला म्हणून तासभर ओरडले, आणि त्याच तळटिपेच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्यासुद्धा!

लेख आहे सागेसाका नावाच्या प्राध्यापिकेचा, अमाजिमांच्या शेवटच्या अपुऱ्या कथेवर. कथेत एक बाप असतो. त्याचा लहान मुलगा वारलेला असतो, पण बाप ते मानत नाही. तो रोज मुलासाठी वाटसरूचं ताट वाढतो. आमच्या आईनेही बाबा बोटीवर असताना हे केलंय. घरचं माणूस लांब गेलं की त्याच्या जागेवर त्याचं ताट मांडायचं, त्याच्याच वाडग्यात गरम भात, वर झाकण. म्हणजे वाटेत त्याची उपासमार होत नाही. संध्याकाळी झाकण उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब धरलेले असले की समजायचं, माणूस सुखरूप आहे.

इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की ही नुसती कथा. सागेसाका-बाई म्हणतात, अमाजिमांनी हे खरंच केलं. युद्धानंतरच्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा तेत्सु वारला आणि त्यानंतर ते रोज त्याचं ताट वाढत. मृताचं नव्हे, वाटसरूचं. आणि झाकणाला रोज थेंब धरत.

हे बाईंना सांगितलं इवासे आजींनी. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या, शेजारच्याच घरातल्या. आता नव्वदीला टेकल्या तरी बैठकीला येतात, त्या मुख्यतः लाल चवळीच्या गोड वड्या खायला. लेख नेमका इथेच तुटतो, खाली लिहिलंय, उत्तरार्ध पुढील अंकी. मोरिवाकी-सान भडकले, म्हणाले, मासा मधोमध कापून शेपूट सप्टेंबरात देणार का? नुकादा-बाई म्हणाल्या, नमनाला घडाभर तेल, आणि मुद्दा आला की पुढचा अंक.

मी बावळटासारखं विचारलं, आजी इथेच बसल्यात, त्यांनाच विचारू की पुढे काय झालं. अगं बाई! मी जणू देवळात चपला घालून शिरले. नुकादा-बाईंनी चक्क कानांवर हात ठेवले. छापून येण्याआधी ऐकायचं नाही, तळटिपांसकट वाचायचं, हा मंडळाचा धर्म आहे म्हणे. आजींनीही वडी चावता चावता मान हलवली. सागेसाका-बाईंना शब्द दिलाय म्हणाल्या. पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

बोलाचीच कढी, बोलाचाच भात, असं मनात म्हणत कपबश्या विसळल्या. पण ते थेंब काही डोक्यातून जाईनात.

२९ एप्रिल

रियोहेईचा फोन आला होता. त्याच्या आईने थडग्यात जागा करून ठेवलीय, या उन्हाळ्यात तरी अस्थी ठेवू या म्हणतो. मी ठेव म्हटलं, फोन.

मग उठले आणि कोतोचा वाडगा काढला. सशांचं चित्र आहे त्यावर, झाकणावर एक ससा. इथे आणला होता, पण बांधलेलाच होता. गरम भात भरला, बाजूला गोड अंड्याची गुंडाळी. तिच्या चॉपस्टिक आडव्या ठेवल्या. ती डावरी. काड्यांची टोकं नेहमी उलट्या बाजूला करायची. स्वतःच्याच नव्हे, ताटं मांडायला घेतली की माझ्याही! दरवेळी मी माझ्या फिरवून घ्यायचे आणि ती दरवेळी हिरमुसायची.

म्हटलं, कोतो, सावकाश ये, सांभाळून ये.

वेडेपणा आहे. लिहितानाच कळतंय.

३० एप्रिल

थेंब आहेत! झाकणाच्या आतून, टपोरे. संध्याकाळपर्यंत भात थंडगार झाला होता आणि झाकण घामेजलेलं. गरम भाताची वाफ असते, थंड झाली की थेंब होतात, मला काय शाळेत शास्त्र नव्हतं? तरी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि रडून झाल्यावर ती थंड अंड्याची गुंडाळी मीच खाल्ली.

पोर सुखरूप आहे.

२० मे

रोज वाढते. मुद्दाम थंड भातही घालून पाहिला, तरी थेंब धरतात. मग आता शास्त्राने काय ते सांगावं.

नोव्हेंबरापासून छातीवर जो धोंडा होता तो हलका झालाय. झाडताना गुणगुणते. मोरिवाकी-सान म्हणाले, चिगुसा-सान, इथली हवा मानवली तुम्हाला. मी हो म्हटलं. तुम्हाला मूलबाळ काय, असं आज पोस्टमनने विचारलं, तर तोंडातून निघून गेलं की एक मुलगी आहे, सध्या बाहेरगावी असते. म्हणताना जीभ जराही अडखळली नाही.

२७ जून

बैठक. आज नुकादा-बाई लेखावर तुटून पडल्या. म्हणाल्या, सागेसाका-बाईंना मूळ मुद्दाच दिसलेला नाही. वाटसरूचं ताट जिवंत माणसाचं असतं. मेलेल्याच्या भातात काड्या उभ्या खोचतात, त्याला सांगतात की बाबा तू मेलास, आता इकडे परत वळू नकोस. हे न सांगता त्याला वाटसरूचा भात घातला तर त्याला कळायचं कसं? ते लेकरू चालतच राहील, घर येतंय येतंय म्हणून. अमाजिमांनी हे खरंच केलं असेल तर तो प्रेमळ बाप नव्हे, जगातला सगळ्यात निर्दय बाप होता.

मोरिवाकी-सानांनी टेबलावर मूठ आपटली. ज्याचं पोर गेलं त्याला निर्दय म्हणू नका म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. मग मला कळलं की त्यांचाही मुलगा समुद्रात गेला होता, फार वर्षांपूर्वी. 

इवासे आजी तोंड उघडणार तेवढ्यात दोघं तिघं एकदम म्हणाले, नको आजी, छापून येऊ दे. मीही त्यांच्यात होते.

चालतच राहील म्हणे. कोतोचे बूट इथे नाहीत. तिच्याबरोबरच दिले होते.

१५ जुलै

आजी लोणचं घेऊन थेट मागच्या दाराने स्वयंपाकघरात आल्या. ताट मांडलेलं होतं. बरणी ठेवायची राहिली, तशीच हातात. सशाचा वाडगा बघून त्यांनी कुणाचं म्हणून विचारलंसुद्धा नाही. म्हणाल्या, पोरी, बस इथे, तुला पुढचं सांगते. बाईंना दिलेला शब्द गेला खड्ड्यात.

मी हसले. आता मी पक्की मंडळाची झालेय आजी, तळटिपांसकट सप्टेंबरातच वाचणार, असं म्हणून त्यांना दारापर्यंत पोचवलं. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या की अमाजिमाकाका शेवटी फार बारीक झाले होते, आणि तूही झालीस.

खरं तर मी घाबरले होते. पुढचं ऐकलं असतं तर ताट बंद करावं लागलं असतं. ऐकलंच नाही तर बंद कशाला करायचं?

१३ ऑगस्ट

ओबोन, पितर घरी यायचे दिवस. घराघरांपुढे पितरांना वाट दाखवायचा विस्तव पेटलाय, काकडीचे घोडे करून ठेवलेत, त्यावर बसून ते यावेत म्हणून. मी केला नाही. माझी मुलगी मेलेली नाही तर घोडा कुणासाठी?

नुकादा-बाई दारावरून गेल्या. पायरीवर घोडा नाही हे बघून थांबल्या. पहिलंच ओबोन ना तिचं, असं कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांना कुणी सांगितलं? आजींनीच असणार. मला एवढा राग आला की दार लावून घेतलं.

संध्याकाळी झाकण उचललं. कोरडं.

१४ ऑगस्ट

कोरडं. गरम भात, वाफाळलेला, तरी झाकण खडखडीत.

तीनदा भात बदलला.

१६ ऑगस्ट

आज पितरांना निरोप. समुद्रावर दिवे सोडले, मी खिडकीतून पाहिले. सगळ्यांची आली आणि गेली. माझी कुठे अडकली? मीच अडकवली का?

नाही. लिहायचं नाही असलं.

सकाळी माझा स्वतःचा वाडगा काढला, तो निळा, काठाशी टवका उडालेला. दोन दिवस मी जेवलेच नव्हते, त्यामुळे तो धुऊन पुसून झाकण घालून कपाटात होता. झाकण उचललं.

आतून टपोरे थेंब. वाडगा रिकामा, कोरडा, आणि झाकण ओलं.

झाकण ओलं होतं ते वाटेवर सुखरूप असलेल्या माणसाच्या वाडग्याचं. मग वाटसरू कोण?

२४ ऑगस्ट

पुसून ठेवते. परत ओलं. उन्हात ठेवलं तरी. सशाचं कोरडंच.

भूक लागत नाही. म्हणजे लागते, पण इथलं काही तोंडात घालवत नाही. बांगडा मातीसारखा लागतो. मोरिवाकी-सानांच्या बायकोने डबा पाठवला, तो मांजराला घातला.

३ सप्टेंबर

इवासे आजी गेल्या. झोपेतच. अंत्यविधीला गेले होते. त्यांच्या भातात काड्या उभ्या खोचल्या होत्या, अगदी सरळ. किती नीट सांगितलं त्यांना. मी त्या काड्यांकडे बघत राहिले आणि मला हुंदके आवरेनात. लोकांना वाटलं, आजींसाठी.

पुढचं आता त्या सांगणार नाहीत.

१९ सप्टेंबर

उत्तरार्ध आला. बैठक झाली. आजींच्या जागेवर चवळीची वडी ठेवली होती. कुणी वाद घातला नाही. नुकादा-बाईंनी तळटिपा सोडून थेट लेखच वाचला, मोठ्याने.

आजींनी सागेसाका-बाईंना सांगितलेलं असं. एका संध्याकाळी त्या अमाजिमांकडे विस्तव मागायला गेल्या तेव्हा चुलीसमोर दोन ताटं होती. एक तेत्सुचं, झाकण कोरडं. दुसरं अमाजिमांच्या जागेवर. ते हसत होते. म्हणाले, दुसरं मी वाढलेलं नाही गं. इतके दिवस मला वाटायचं, पोर वाटेत आहे. वेडा मी. पोर कधीच पोचलंय. ते घरी बसलंय आणि माझीच वाट बघतंय. बाप लांब गेलाय म्हणून रोज माझं ताट वाढतंय.

सकाळी ते चुलीसमोर बसलेलेच सापडले. चूल थंड. त्या दिवसांत अख्ख्या गल्लीत तांदळाचा दाणा नव्हता, सगळे रताळ्याच्या पाल्यावर जगत होते. त्यांच्या तोंडात पांढराशुभ्र भात होता.

नुकादा-बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, जुन्या देवकथेतली ती देवी आठवते ना, नवरा न्यायला आला तेव्हा म्हणाली, उशीर केलास, मी इथल्या चुलीचं अन्न खाल्लं. त्या चुलीचं जो खातो तो परत येत नाही. हे बोलताना त्या लेखाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

सगळे गेल्यावर ती दोघं थांबली. मोरिवाकी-सान म्हणाले, आजच्या आज आमच्याकडे राहायला चला. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. मग नुकादा-बाईंनी माझा हात धरला. आम्ही मूर्ख, म्हणाल्या. म्हातारी सांगत होती तर कानांवर हात ठेवले, छापील पाहिजे म्हणून. तुम्ही तरी आता ऐका.

मी म्हटलं, रियोहेई तेवीस तारखेला, शरद-संपाताच्या दिवशी, सगळे थडग्यांवर जातात तेव्हा येतोय. त्याच्याबरोबर अस्थी नेऊन थडग्यात ठेवते. ती दोघं जरा निवळली.

खोटं नाही बोलले. तसंच ठरवलंय. ठेवायलाच हवं. तिने वाट बघत बसू नये.

२० सप्टेंबर

आज सशाचा वाडगा भरला नाही. काड्या उभ्या खोचायच्या होत्या. भात केला, काड्या हातात घेतल्या. नाही जमलं.

कोतो, तू मेलीस, हे आईने कसं म्हणायचं? कुठल्या तोंडाने?

२१ सप्टेंबर

दुपारी अंगण झाडून आत आले. माझ्या जागेवर ताट.

निळा वाडगा, झाकण घातलेला. काड्यांची टोकं उलट्या बाजूला.

मी मांडलं नाही. मी —

फिरवल्या नाहीत. पहिल्यांदाच नाही फिरवल्या.

झाकण उघडलं नाही.

२२ सप्टेंबर

पुन्हा. झाकण नुसतं टेकवून ठेवलेलं, जरासं वाकडं, घाईने मांडल्यासारखं. वास येतोय भाताचा. किती भूक लागलीय. इथलं काही घशाखाली उतरत नाही आणि याच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं.

नुकादा-बाई म्हणाल्या ते सगळं माहीत आहे मला. इथे लिहून ठेवते, म्हणजे कुणी म्हणायला नको की हिला कळलं नाही. खाल्लं की परत फिरता येत नाही.

उद्या रियोहेई येईल. अस्थी ठेवू. ती मोकळी होईल. मी —

पण ती मोकळी होऊन जाणार कुठे? ती तर घरीच आहे. अंधारात एकटीच बसून माझं वाढतेय. सात वर्षांची पोर. आई अजून आली नाही, आई उपाशी असेल. गेल्या नोव्हेंबरापासून.

२३ सप्टेंबर

सकाळ. छान ऊन पडलंय. डब्याचं कापड इस्त्री केलं. बॅग भरली. खरंच जाणार होते.

ताट आहे.

आज झाकण उचललं. भाताचा मुटका. एकच. तिला तेवढंच करता यायचं. बाजूने चेपलेला, बोटांचे खळगे अजून दिसतायत, एवढीएवढीशी बोटं. कोमट आहे. देवा, कोमट आहे!

मोरिवाकी-सान फाटकातून हाका मारतायत. रियोहेईला स्टेशनावरून घेऊन आलेत वाटतं. एवढा मोठा आवाज त्यांचा, आणि आज किती लांबून येतोय.

दार वाजतंय.

नको म्हणाले असते. पण तिने केलंय. ती बसली असेल ना समोर, आई खातेय की नाही बघत. मी पहिला घास घेतल्याशिवाय ती कधी जेवली नाही. म्हणजे इतके दिवस तीही —

एकच घास. तिच्यापुरता.

मीठ जास्तच झालंय गं, कोतो, नेहमीसारखं, पण —